सुनेची महागडी टोपली

भाजीच्या व्यापाऱ्याच्या घरात मी सून म्हणून आले आणि पहिलं वर्षभर शिळी भाजी खाल्ली. कुणाची बदनामी करायला हे लिहीत नाही. होतं तसं सांगते. साठ सालानंतरची गोष्ट. कशेळ्याला रस्त्यालगत आमचं दुकान, दुकानामागे घर, घरामागे परसू आणि परसाला लाकडी फाटक. दुकानात किराणा होता, पण मामंजींचा जीव भाजीत. बाजाराच्या दिवशी डोंगरावरच्या वाड्यांतून ठाकर बाया, कातकरी बाया डोक्यावर टोपल्या घेऊन खाली उतरायच्या. मामंजी आणि आणखी दोघं-तिघं व्यापारी उजाडताच नाक्यावर जाऊन उभे राहायचे आणि टोपली बाजारात पोचण्याआधीच उक्ती घेऊन टाकायचे. वजन नाही, मोजणं नाही. टोपलीकडे एक नजर, तोंडातून एक आकडा, आणि बाईनं काही म्हणायच्या आत टोपली खाली उतरवलेली. थोडे पैसे, थोडं मीठ, कधी मूठभर सुकट.

चांगला माल ट्रकनं कल्याणला जायचा. उरलेला दुकानात मांडला जायचा. आणि दुकानातही जो कुणी उचलला नाही, तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमच्या चुलीवर यायचा. निबर भेंडी, पिवळी पडलेली काकडी, एका बाजूनं मऊ झालेला भोपळा. सासूबाई विळीवर बसून खराब भाग कापून टाकायच्या आणि राहिलेल्यात मसाला जास्त घालायच्या. पाहुण्यांना वाटायचं, या घरात काय चमचमीत जेवण असतं!

माझं माहेर पोशीरचं. आमची भातशेती. भात निघालं की त्याच ओलीवर वाल, आणि घरामागं मांडवावर घोसाळी, पडवळ. माझी आई तेल तापत ठेवायची आणि मग भेंडी तोडायला जायची. त्यामुळे सासरचा पहिला घास माझ्या घशाखाली उतरेना. मी यांना एकदा म्हटलंसुद्धा, "अहो, एवढी ताजी भाजी दारातनं जाते. त्यातली एक दिवस घरात नाय का ठेवता येत?"

हे म्हणाले, "विकायचा माल कोन खातो?"

विषय तिथंच संपला. हे वाईट नव्हते. बापासमोर बोलायची सवय नव्हती, इतकंच.

लग्नात वडिलांनी मला एक जुनं शिवणयंत्र दिलं होतं. गावातल्या बायकांच्या चोळ्या, पोरींची परकर-पोलकी मी शिवायची. सासूबाईंनी एक गोष्ट मात्र चांगली केली होती. शिवणाचे पैसे त्यांनी माझे मला ठेवू दिले. त्यांना वाटलं असेल, दोरे-बटणांतच जातील.

श्रावणातल्या एका बाजाराच्या दिवशी मी परसात भांडी घासत होते. फाटकाशी एक ठाकर बाई येऊन उभी राहिली. माझ्या आईच्या वयाची, काटक, गुडघ्यापर्यंत ओढून नेसलेलं लुगडं, गळ्यात मण्यांच्या माळा. डोक्यावर टोपली नव्हती. लुगड्याच्या ओच्यात काहीतरी बांधलेलं होतं.

"तूच का गं चोळ्या शिवतंस?" तिनं विचारलं. ती सगळ्यांनाच अगं-तूगं करायची. पुढे सासूबाईंना ते फार झोंबलं, पण ते नंतर.

"मीच. कापड हाय का?"

तिनं कापड काढलं. लेकीला चोळी शिवायची होती. मग ओचा सोडून माझ्यापुढं रानातली कर्टुली ओतली. हिरवीगार, कोवळी, काटे अजून बोटाला लागतील अशी. "पैसं नाय माझ्याकडं. ही घे."

"नाक्यावर दिली असतीस तर पैसं मिळालं असतं."

ती हसली. "नाक्यावर तुझा सासरा हाय. म्हून तर वढ्याकडनं आली."

त्या दिवशी मी कर्टुली कांद्यावर परतली, वरून ओलं खोबरं टाकलं. यांनी दोनदा वाढून घेतली. मामंजींनी पहिला घास घेतला आणि थांबले. "कर्टुली कुठली? आज तर सगळा माल कल्याणला गेला."

"एक चोळी शिवायला घेतली, तिच्या बदल्यात मिळाली."

"बरा सौदा केलास," मामंजी म्हणाले आणि ताट पुसून खाल्लं.

पुढच्या बाजाराला ती चोळी न्यायला आली तेव्हा मीच विषय काढला. म्हटलं, दर बाजाराला मला एक टोपली आणून देशील का? दुकानात मामंजी ज्या भावानं विकतात, तो भाव मी देईन. नाक्यावरचा नाही, दुकानातला.

ती फाटकाला टेकून बसली. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी चेष्टा करतेय की काय, हे बहुतेक बघत असावी. मग म्हणाली, "डोंगर देईल ते आनीन. हेच पायजे, तेच पायजे म्हनायचं नाय. निवडायचं नाय. आनि भाव पाडायचा नाय."

"नाय पाडणार."

"तुमी लोकं पाडताव."

"मी नाय पाडणार," मी पुन्हा म्हटलं. झालं. एवढाच आमचा करार.

तेव्हापासून दर आठवड्याला टोपली यायला लागली. भाद्रपदात काकड्या, शिराळी आणि चवळीच्या शेंगा. दसऱ्याच्या आसपास लाल भोपळा. थंडीत वालाच्या शेंगा, तुरीच्या शेंगा, आणि तिच्या वाडीतली छोटी काटेरी वांगी, जी मी आजवर दुसरीकडे कुठे खाल्ली नाहीत. उन्हाळ्यात भाजी थोडी आणि करवंदंच जास्त. टोपलीत काय असेल हे झाकलेली पानं बाजूला करेपर्यंत कळायचं नाही. मला त्याचीच गंमत वाटायची. आठवडाभर शिवणाच्या खोलीत मान मोडून बसलं की बाजाराच्या दिवशी सकाळी मी फाटकाकडे कान लावून असायची.

पहिले काही आठवडे घरात कुणी काही बोललं नाही. सगळ्यांना वाटलं, चोळ्यांच्या बदल्यात येतंय. मग एक दिवस मी तिच्या हातावर पैसे ठेवताना सासूबाईंनी पाहिलं. ती गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "पैसं दिलंस तिला?"

"हो."

"भाजीवाल्याची सून दारावर भाजी विकत घेते? लोकं काय म्हनतील?"

"लोकांना काय म्हणायचं ते म्हणूं देत, आत्याबाई. भाजी तर चांगली हाय ना?"

"आनि ती तुला अगं-तूगं करते. मला पन करते!"

यावर मला हसू आलं आणि ते त्यांना दिसलं. मग काय विचारता! संध्याकाळी मामंजींच्या कानावर गेलं. मामंजी रागीट नव्हते, पण हिशोबी होते, आणि हिशोबी माणसाच्या रागाला आवाज नसतो. त्यांनी मला बोलावून शांतपणे विचारलं, "किती देतेस?"

मी सांगितलं.

"आनि मला त्याच टोपलीला किती पडतात, ठावं हाय?"

"ठावं हाय. ती मला सांगते."

मामंजींनी यांच्याकडे बघितलं. हे जमिनीकडे बघत होते. मामंजी म्हणाले, "सूनबाई, चार टोपल्यांचं पैसं तू एका टोपलीला देतेस. याला येडेपना म्हनतात."

"पैसं माझ्या शिवणाचं हायत, मामंजी."

"पैसं कुनाचं का असंनात. महाग ते महागच."

त्या दिवसापासून घरात आणि मग गावात त्या टोपलीला नाव पडलं, सुनेची महागडी टोपली. पाण्यावर गेले की बायका विचारायच्या, "काय, आज काय आलं महागड्या टोपलीत?" मी सांगायची, आणि जरा वाढवूनच सांगायची.

खरं सांगायचं तर प्रत्येक टोपली पैशांच्या मोलाची नव्हती. हे कबूल करायला मी भीत नाही. आषाढात लागोपाठ तीन आठवडे नुसता टाकळा आला. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी कौतुकानं खाल्ला, दुसऱ्यात मुकाट्यानं, आणि तिसऱ्यात मामंजी म्हणाले, "सूनबाई, हा तर आपल्या परसात बी उगवतो. फुकट." खरंच उगवायचा. मी तरीही तिला पूर्ण पैसे दिले, कारण निवडायचं नाही असं ठरलं होतं. घरात कुणी खाईना तेव्हा मी एकटीनं दोन्ही वेळा टाकळा खाल्ला आणि वर म्हटलं, काय चव आहे!

त्याहून वाईट झालं शेवळांच्या वेळी. मृगात पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून वर येणारी शेवळं तिनं आणली आणि बजावलं, यात काकडं घाल, नाहीतर घसा खाजंल. ती आंबट रानफळं पानात बांधून वेगळी दिली होती. पोशीरला आमच्याकडे शेवळं आईच करायची, मी फक्त खाल्लेली. घाईत ती पुडी टोपलीतच राहिली. जेवण झाल्यावर अख्खं घर घसा खाजवत बसलं. मामंजींनी ताकाचा तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पैसं देऊन खाज इकत घेतली."

माझाही घसा खाजत होता. डोळ्यांत पाणी आलं होतं. मी म्हटलं, "चूक माझी. शेवळांची नाय." आणि मागायचं नाही असं ठरलेलं असूनही पुढच्याच बाजाराला तिच्याकडून पुन्हा शेवळं मागून घेतली. काकडं घातली, वाल घातले, आणि सगळ्यांच्या आधी मीच पहिला घास घेतला. त्या दिवशी कुणाला काही झालं नाही. चांगली झाली, असं मात्र कुणीच म्हटलं नाही.

असं एक वर्ष गेलं. दुसऱ्या श्रावणात मात्र मामंजींना ते सहन होईना. त्याला कारण घडलं. नाक्यावर दोन बायांनी त्यांना टोपली द्यायचं नाकारलं. "तुझी सून जेवढं देते तेवढं दे," असं त्यांच्या तोंडावर म्हणाल्या. बाकीचे व्यापारी हसले. मामंजी तिथून तडक घरी आले आणि परसात येऊन उभे राहिले. ती नुकतीच टोपली उतरवून बसली होती. मी आत पैसे आणायला गेले होते. बाहेर आले तर दोघं समोरासमोर.

"ही टोपली दुकानात दे," मामंजी म्हणाले. "बाकीच्यांना देतो तेच तुला देईन. वर मीठ देईन."

ती बसल्या जागेवरून म्हणाली, "तुला नाय देनार. ही तिची हाय."

"माझ्या परसात बसून मला नाय म्हनतेस?"

"मंग उठते." ती उठली. मी पुढे होऊन हात लावायच्या आत तिनं टोपली एकटीनं उचलून डोक्यावर घेतली. भरलेली टोपली अशी एकटीनं उचलणं सोपं नसतं. फाटकातून बाहेर पडताना तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

मामंजींनी दुकानातून कुलूप आणलं आणि परसाच्या फाटकाला घातलं. किल्ली कमरेला लावली.  मी पैसे मुठीत घेऊन तशीच उभी होते.

पुढच्या बाजाराला ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. घरात पुन्हा पिवळ्या काकड्या सुरू झाल्या. मी त्या चिरायला नकार दिला. म्हटलं, मी भात-आमटी खाईन. सासूबाई म्हणाल्या, "हट्ट कुनावर करतेस?" मी म्हटलं, "कुनावर नाय. मला जात नाय, एवढंच."

यांनी एकदा खोलीत मला समजावलं. "बाबांचं वय झालंय. सोडून दे. मी दुकानातली चांगली भाजी बाजूला ठेवत जाईन तुझ्यासाठी."

"चोरून?"

यांनी दार लोटून घेतलं.

"मला चोरून ताजी भाजी नको," मी म्हटलं. "उजेडात पायजे."

तिसऱ्या बाजाराच्या दिवशी मी पहाटे उठले, चहा करून ठेवला, सासूबाईंना म्हटलं, "मी वाडीवर जाऊन येते." त्यांना वाटलं गावातली खालची वाडी, शिवणाचं काम असेल. मी डोंगराची वाट धरली.

डोंगर रोज दिसायचा, पण मी कधी चढले नव्हते. आधी भाताची खाचरं, मग ओढा, गुडघ्याएवढं पाणी. त्यानंतर लाल मातीची चढण, इतकी निसरडी की हातानं झुडपं धरून चढावं लागलं. दोनदा बसले. एकदा वाट चुकून गुरांच्या वाटेला लागले आणि एका म्हातारीनं हाक मारून परतवलं. वाडीत पोचले तेव्हा उन्हं चांगलीच वर आली होती आणि माझ्या लुगड्याला गुडघ्यापर्यंत चिखल.

ती घराबाहेर सूप घेऊन बसली होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं. "तू कशाला आलीस गं? सासरा घराबाहेर काढील तुला."

"टोपली न्यायला आले."

ती इतकी हसली की आतून तिची लेक बाहेर आली. मग ती उठली आणि मला तिच्या जागेवर घेऊन गेली. घरामागे उतारावर दगड रचून केलेल्या लहान-लहान पट्ट्या. खाली बघितलं तर डोळे फिरावेत असा कडा. तिनं दाखवलं, ही शिराळी माकडांनी अर्धी खाल्ली. इथं रानडुकरं आली होती, सगळं उकरून गेली. हा वेल पावसानं आडवा केला, तो मी परत बांधला. उन्हाळ्यात पाणी कुठून आणता असं मी विचारलं. तिनं खाली ओढ्याकडे बोट दाखवलं, ज्यातून मी आले होते.

कर्टुली तर लावलेली नसतातच. ती झाडीत शिरून शोधावी लागतात. तिच्या हातांवरचे ओरखडे मी बघितले होते, पण ते कशाचे हे कधी विचारलं नव्हतं.

"आता बोल," ती म्हणाली. "महाग हाय का?"

मी मानेनंच नाही म्हटलं. खरं तर मला लाज वाटली, कारण मी स्वतःला फार उदार समजत होते.

आम्ही दोघींनी मिळून टोपली भरली. काकड्या, शिराळी, घोसाळी, चवळीच्या शेंगा आणि तळाला एक लाल भोपळा. ती डोक्यावर घ्यायला लागली तेव्हा मी म्हटलं, "मी घेते."

"तुझी मान मोडंल."

"मोडूं दे."

तिनं फडक्याची चुंबळ करून माझ्या डोक्यावर ठेवली, टोपली चढवली आणि माझ्या पुढं चालायला लागली. उतरताना जे हाल झाले ते मी आजही विसरले नाही. मान दगडासारखी झाली.  ओढ्यात एका गुळगुळीत दगडावरून पाय घसरला आणि दोन काकड्या पाण्यात गेल्या. तिनं त्या धावत जाऊन पकडल्या. ओढ्याच्या अलीकडं ती म्हणाली, "आता तरी दे." मी मान हलवू शकत नव्हते, म्हणून तोंडानंच नाही म्हटलं. मग ती म्हणाली, "परसाच्या बाजूनं जा. लोकं बघतील."

"परसाला कुलूप हाय."

हे खरं होतं. पण कुलूप नसतं तरी मी त्या दिवशी पुढूनच गेले असते.

बाजार ऐन भरात होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, सुकटवाले, मडकीवाले, डोंगरावरून आलेल्या बाया. मी मधून चालत गेले. व्यापाऱ्याची सून, डोक्यावर टोपली, पायाला चिखल, आणि पाठीमागं ती. बोलणी थांबायला लागली. कुणीतरी म्हणालं, "अगं बाय!" मी समोर बघत राहिले. दुसरीकडे बघताच येत नव्हतं.

दुकानासमोर येऊन थांबले. मामंजी गादीवर बसले होते. हे तराजूशी. भरलेली टोपली उतरवायला दुसरं माणूस लागतं. मी यांना म्हटलं, "अहो, हात लावा जरा."

दुकानात पाच-सात गिऱ्हाइकं होती. सगळ्यांचं लक्ष यांच्याकडे. यांनी बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता हे उठणार नाहीत. आणि मग हे उठले. पायरी उतरून आले, दोन्ही हातांनी टोपली धरली आणि खाली ठेवली. लग्नाला दोन वर्षं झाली होती. चारचौघांत यांनी माझ्यासाठी काही केलेलं ते पहिलंच.

मामंजींनी विचारलं, "किती दिलंस?"

"तुमी दुकानात इकता तेवढंच."

"महाग पडलं."

"मान माझी, पाय माझं, पैसं माझं," मी म्हटलं. "महाग पडलं तर मला पडलं. आनि मला महाग नाय वाटलं. सकाळधरनं मी ती वाट चढले-उतरले. तुमी एकदा चढा, आनि मग नाक्यावर भाव सांगा."

एवढं बोलल्यावर माझा आवाज फुटला. रडू नाही, दम लागला होता. पण लोकांना वाटलं मी रडते. वाटू दे. रस्त्याकडेला बसलेल्या बायांपैकी एक मोठ्यानं म्हणाली, "बराबर बोलली पोर." मग दुसरी. त्या दिवशी ज्यांच्या टोपल्या अजून उक्त्या गेल्या नव्हत्या, त्या बायांनी त्या दिल्याच नाहीत. तिथंच रस्त्याला बसून वाट्यावाट्यानं विकल्या. काहींचा माल संध्याकाळपर्यंत पडून राहिला आणि त्यांना तो परत न्यावा लागला, हेही सांगायला हवं. सगळ्यांचंच भलं झालं असं नाही. पण पुढच्या बाजारालाही त्या बसल्या.

मामंजी माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. काही हवं असलं की भिंतीकडे बघून मागायचे. मीही भिंतीकडे बघून उत्तर द्यायची. माहेरी निरोप गेला. वडील येऊन माझ्यावरच रागावले आणि जाताना माझ्याकडून अर्धा भोपळा घेऊन गेले.

फाटकाचं कुलूप सासूबाईंनी काढलं. त्याच आठवड्यात, दुपारी मामंजी झोपलेले असताना त्यांच्या कमरेची किल्ली काढून घेतली आणि कुलूप विहिरीत टाकलं. मी बघतच राहिले. त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तीस वरसं झाली मला या घरात. तीस वरसं पिवळी भेंडी चिरली मी." मग म्हणाल्या, "तिला सांग, थंडीत करांदं मिळालं तर आन. माझ्या माहेरी करांदं उकडायचं. लग्न झाल्यापासनं खाल्लं नाय."

तिनं आणले. मार्गशीर्षात, टोपलीभर करांदे, डोंगरातले कंद. सासूबाईंनी मीठ घालून उकडले आणि आम्ही तिघी परसात बसून सालं काढून खाल्ले. थोडे कडू होते. सासूबाईंनी तिला "अगं" म्हटलं, तिनंही त्यांना "अगं" म्हटलं, आणि त्या दिवशी कुणाला काही झोंबलं नाही.

पुढं बरीच वर्षं टोपली येत राहिली. शाळामास्तरांच्या बायकोनं एक लावली, मग कंपाउंडरच्या घरी एक. ती आपल्या जावेला बरोबर आणायला लागली. दोघी मिळून पाच-सहा घरांत टोपल्या द्यायच्या, आणि सगळीकडे अट तीच, निवडायचं नाही आणि भाव पाडायचा नाही. कुणी पाडायला गेलंच, तर ती पुढच्या आठवड्यात त्या घरी जायची नाही. मामंजी शेवटपर्यंत बदलले नाहीत. त्या टोपलीतलं खायचे आणि खाऊन झालं की न चुकता म्हणायचे, "महाग हाय." मी न चुकता म्हणायची, "आनखी वाढू?" ते ताट पुढं करायचे.

सत्तरच्या पुढं टेंपो आले. कल्याणची भाजी थेट दारात, स्वस्त, एकसारखी, हवी ती निवडून घ्या. मास्तरांच्या घरची टोपली बंद झाली, कंपाउंडरची झाली. मला त्यांचा राग नाही. पगार ठरलेला, खाणारी तोंडं जास्त. मी मात्र टेंपोवाल्याला माझ्या दाराशी कधी थांबू दिलं नाही. तो हॉर्न वाजवायचा आणि मी यंत्र चालवत राहायची. तिची लेक माथेरानच्या हॉटेलात कामाला लागली. तिचे स्वतःचे गुडघे गेले. शेवटची दोन वर्षं ती पंधरा दिवसांनी यायची, मग महिन्यानं. टोपली लहान होत गेली आणि मी पैसे तेवढेच देत राहिले. तिनं एकदा अर्धे परत करायला हात पुढे केला. मी म्हटलं, "भाव पाडायचा नाय, असं तूच ठरवलंस." ती पुटपुटत निघून गेली.

मामंजी गेल्यावर दुकान यांच्याकडे आलं. दुसऱ्याच बाजाराला मी यांना सांगितलं, नाक्यावर जाऊन उभं राहायचं नाही. बाया दुकानाशी येतील. तराजू बाहेर पायरीवर ठेवायचा, काटा त्यांच्या बाजूला, आणि त्यांच्यासमोर वजन करायचं. हे म्हणाले, बाकीचे व्यापारी आपल्याला जगू देणार नाहीत. मी म्हटलं, बघू. यांनी दोन दिवस विचार केला आणि तराजू बाहेर ठेवला. नफा कमी झाला, खोटं कशाला सांगू. एका वर्षी तर दुकान चालवणंच कठीण झालं आणि मी रात्रंदिवस चोळ्या शिवल्या. व्यापाऱ्यांनी आमच्याकडचं येणं-जाणं तोडलं, एकाच्या लग्नाला आम्हाला आमंत्रण नव्हतं. पण घरात त्यानंतर कधी पिवळी भेंडी शिजली नाही, आणि तराजू आत गेला नाही.

बाजारात मी दिसले की त्या व्यापाऱ्यांतले एक-दोन म्हातारे अजून तोंड फिरवतात. फिरवू देत.